मदतीचा हिशोब शेजारच्या खात्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात वाचकांच्या पत्रांत परदेशी मदतीवरून दोन पत्रं आली. एका पत्रलेखकांना जागतिक बँकेचं नुसतं नाव काढलं तरी देश गहाण पडल्यासारखा वाटतो. दुसऱ्यांचं म्हणणं, कुणी फुकट किंवा कमी व्याजानं देतंय तर घ्यायला आपलं काय जातंय? दोन्ही पत्रं आमच्या वाचनालयात मोठ्यानं वाचली गेली आणि चहा निवेपर्यंत भांडण झालं. मी बेळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या कचेरीत हिशोबाच्या टेबलावर 34 वर्षं काढली. टिपण्या कन्नडमध्ये लिहायच्या आणि बेरीज मनातल्या मनात मराठीत करायची, असा तो संसार. त्या सवयीमुळे मला दोन्ही पत्रांत एकच खोट दिसली. पैसा ज्या खात्यावर जमा झाला तेवढंच खातं दोघांनी उघडून बघितलं. ते खातं बहुतेक वेळा चोखच असतं. बघायचं असतं त्याच्या शेजारचं.

आधी घरचंच सांगतो, म्हणजे कुणाला टोचणार नाही. ज्या वाचनालयात हे भांडण झालं त्याचा मी खजिनदार. वर्गणीदार 140, महिन्याला 20 रुपये, म्हणजे वर्षाचे 33,600. त्यात वर्तमानपत्रांचं बिल, लाइटबिल, संध्याकाळी दार उघडणाऱ्या पोराचं मानधन आणि उरतील त्यातून 8,000 रुपयांची नवी पुस्तकं. एका वर्षी सीमेपलीकडच्या एका दात्याकडून 25,000 रुपयांची मदत आली. अट एकच, पैसे फक्त पुस्तकांवर खर्च करायचे. आम्ही इमानदारीनं 25,000 ची पुस्तकं आणली. बिलं लावली, शिक्के मारले, यू.सी. पाठवली. यू.सी. म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट, दिलेला पैसा दिलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. त्यावर माझी सही आहे आणि त्यात एक अक्षर खोटं नाही.

पण पुस्तकांसाठी आम्ही दरवर्षी बाजूला काढत होतो ते 8,000 आता मोकळे झाले होते. त्यांचं काय झालं? त्या वर्षी गणपतीच्या मांडवाला झालर लागली आणि स्पीकर दोनाचे चार झाले. म्हणजे 25,000 पैकी पुस्तकांना वाढीव मिळाले 17,000, आणि 8,000 मांडवाला. दात्यानं मांडवाला दमडी दिली नव्हती, आणि आमच्या कागदांवरून त्याला हे जन्मात कळलं नसतं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा मदत आली आणि वर्गणीची गंमत सुरू झाली. मी पावती पुस्तक घेऊन गल्लीत गेलो की लोक दारातूनच म्हणायचे, "काका, तुमास्नी आता ग्रँट मिळते की! आमची वीस रुपये कशाला?" खरं सांगायचं तर मीही फार चिकाटी धरली नाही. गुडघे दुखतात, आणि वीस रुपयांसाठी कुणाच्या दारात तीनदा जायचं म्हणजे जिवावर येतं. 140 चे 52 झाले. तिसऱ्या वर्षी मदत आलीच नाही, कारणही कळलं नाही. हातात 12,480 रुपये, कपाटं नव्या पुस्तकांनी भरलेली, आणि लाइटबिल थकलेलं. संध्याकाळी सहानंतर ती पुस्तकं कुणाला दिसत नव्हती.

संपादक महाराज, माझी भाची कोल्हापुरात अर्थशास्त्र शिकवते. तिला मी ही रडकथा सांगितली तर ती हसली. म्हणाली, "मामा, तुमच्या वाचनालयात जे झालं त्यावर जगभर 30-40 वर्षं अभ्यास चाललाय." मग तिनं काही निबंध छापून दिले. इंग्रजी जड होतं, पण तक्ते वाचायची मला सवय आहे. पट्टी धरून वाचले.

त्यातला एक निबंध खास आपल्या देशावरचा निघाला. विनय स्वरूप, शिखा झा आणि अँड्र्यू सुनील राजकुमार या तिघांनी 2000 साली प्रसिद्ध केलेला. विकासकामांसाठी आलेली परदेशी मदत सरकारं तशीही करणार होतीच त्या खर्चाची जागा घेते, आणि त्यातून सुटलेला स्वतःचा पैसा विकासाबाहेरच्या खर्चाकडे, त्यातही प्रशासनाकडे, वळतो असं त्यांना आकड्यांत दिसलं. प्रशासनाकडे म्हणजे आमच्यासारख्यांच्या पगाराकडे, हेही कबूल करतो. त्याहून मला खटकली ती दुसरी गोष्ट. केंद्राकडून परदेशी मदत राज्याला पोचायची तेव्हा केंद्राकडून मिळणारी दुसरी रक्कम तेवढ्यानं आखडायची. एका हातानं आलेलं दुसऱ्या हातानं गेलं, आणि पेपरात मथळा फक्त पहिल्या हाताचा.

सगळीकडे असंच होतं असंही नाही. हॉवर्ड पॅक आणि जॅनेट पॅक या दोघा अर्थतज्ज्ञांनी इंडोनेशियाचे हिशोब तपासले तेव्हा मदत ज्या कामासाठी आली त्याच कामाचा खर्च वाढलेला दिसला. तीच मोजपट्टी त्यांनी डॉमिनिकन रिपब्लिकला लावली तर पैसा बराच दुसरीकडे वळलेला निघाला. आरोग्याच्या बाबतीत 2010 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला हिशोब जास्त बोलका आहे. सरकारच्या हाती आरोग्यासाठी एक डॉलर मदत पडली की सरकारचा स्वतःचा आरोग्यखर्च 43 सेंटपासून 1 डॉलर 14 सेंटपर्यंत कमी होतो. आमच्या 25,000 मागे 8,000 गेले, म्हणजे रुपयाला 32 पैसे. सरकारांपेक्षा आमचं मंडळ बरं म्हणायचं!

वर्गणीचंही तसंच. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनी 2003 साली मांडलं होतं की अनुदान जास्त मिळालं की सरकारांची करवसुली सैलावते, डॉलरमागे साधारण 28 सेंट. आणि कर्ज मिळालं तर सैलावत नाही, कारण फेडायचं असतं. पुढे जास्त नीट आकडेवारी हाती आली तेव्हा हा परिणाम तितका पक्का नाही असं इतरांनी दाखवलं. भाची म्हणते, यावर अजून वाद आहे. असेल. माझं पावती पुस्तक पहिल्या मंडळींच्या बाजूनं साक्ष देतं, एवढंच.

आता आपल्या देशाचं. माझ्या वयाच्या लोकांना परदेशी मदत म्हटलं की पुस्तकातली व्याख्या आठवत नाही, मिलो आठवतो. 1966 साली मी नऊ वर्षांचा. रेशनला तांबडी अमेरिकन ज्वारी यायची, तिला मिलो म्हणायचे. आई पीठ मळायची तर ते हाताला धरायचंच नाही. भाकरी थापायला घेतली की कडेनं चिरा पडायच्या, तव्यावर टाकताना तुकडा खाली राहायचा. आमच्या जोंधळ्याच्या भाकरीचा पापुद्रा ज्यांनी खाल्लाय त्यांना ते दुःख कळेल. शाळेत पावडरीचं दूध आणि उप्पीट. गोणीवर ढालीसारख्या चित्रात हस्तांदोलन करणारे दोन हात. त्या गोणीच्या पिशव्या आमच्या घरात पुढं कितीतरी वर्षं होत्या.

हे धान्य पी.एल. 480 या 1954 च्या अमेरिकन कायद्याखाली यायचं. लोकांना वाटतं फुकट यायचं. तसं नव्हतं. त्यातलं बहुतेक आपण विकत घेत होतो, पण डॉलर न देता रुपयांत. आईनं रेशनदुकानात मोजलेले पैसे सरकारकडे, सरकारकडून अमेरिकेच्या इथल्या खात्यावर, आणि तिथून त्यातला मोठा भाग कर्जाऊ किंवा अनुदान म्हणून फिरून आपल्याच सरकारकडे. आपला रुपया आपल्यालाच उसना! अर्थसंकल्पाच्या जमेच्या बाजूला आकडा दिसायचा आणि योजनांना पैसा मिळाल्यासारखं वाटायचं. पण खरी मदत बोट बंदराला लागून धान्य उतरलं तेव्हाच मिळून गेलेली होती. नंतरचा सगळा खेळ एका वहीतून दुसऱ्या वहीत. हे रुपये साचत साचत इतके झाले की फेब्रुवारी 1974 मध्ये अमेरिकेच्या राजदूतांनी, डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी, 1,664 कोटी रुपयांचा एकच चेक भारत सरकारला दिला आणि बरंचसं खातं मिटवलं. गिनेस बुकात तो चेक नोंदला गेला. मी तेव्हा मॅट्रिकच्या आसपास. एवढ्या शून्यांसाठी चेकवर जागा कशी पुरली असेल, हाच माझा प्रश्न होता.

मदतीची दुसरी बाजू आम्ही त्याच 1966 साली पाहिली. लागोपाठ दुष्काळ, धान्याच्या बोटी किती आणि कधी सोडायच्या ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन जवळजवळ महिन्याच्या हिशोबानं ठरवत होते. मदत देणाऱ्यांच्या दबावाखाली 6 जूनला रुपयाचं अवमूल्यन झालं. 4 रुपये 76 पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना गेला. कर्जाच्या 100 डॉलरच्या हप्त्याला काल 476 रुपये लागत होते, आज 750. कर्ज एका पैशानं वाढलेलं नाही आणि देणं दीडपटीच्या वर.

तरी मदत घेऊन शहाणपणानं वागल्याचंही उदाहरण आपल्याकडेच आहे, आणि ते आमच्या गावात रोज सकाळी सहाला कॅन घेऊन रांगेत उभं असतं. 1970 साली दुधाचा महापूर (ऑपरेशन फ्लड) ही योजना सुरू झाली तेव्हा परदेशातून फुकट दूध पावडर आणि बटर ऑइल आलं. ते स्वस्तात वाटलं असतं तर आपल्या गवळ्याचं दूध कुणी विचारलं नसतं. योजनेचे सूत्रधार वर्गीस कुरियन यांनी ते चालू भावानंच विकायचं धोरण ठेवलं आणि आलेला पैसा डेअऱ्या, शीतगृहं, सहकारी संस्था उभ्या करण्यात घातला. पावडर संपली, संस्था राहिल्या.

मग कमी व्याजाच्या कर्जात काय जातंय या प्रश्नाकडे येतो, कारण तो आमच्या बेळगावच्या नळापर्यंत येतो. 2001 अखेर जागतिक बँकेनं 'जल निर्मल' या ग्रामीण पाणीयोजनेला कर्ज मंजूर केलं, उत्तर कर्नाटकातले 11 जिल्हे, त्यात आपला. 2004 मध्ये बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीत काही भागांपुरतं चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग, आणि 2016 मध्ये तो सगळ्या शहरभर करण्यासाठी 10 कोटी डॉलरचं कर्ज. पहिल्या दोन कर्जांच्या वेळी पद्धत अशी होती की कर्ज केंद्र घ्यायचं आणि आपल्यासारख्या राज्याला 30 टक्के अनुदान व 70 टक्के कर्ज म्हणून द्यायचं. त्या 70 टक्क्यांना केंद्र आपला व्याजदर लावायचं आणि तो मूळ दरापेक्षा चढा असायचा. मात्र डॉलर वधारला तर तो फटका केंद्राचा. केंद्र आणि राज्यांतली पैशाची वाटणी सुचवणाऱ्या वित्त आयोगाच्या, बाराव्या आयोगाच्या, शिफारशीनं एप्रिल 2005 पासूनच्या नव्या कर्जांना हे बदललं. आता ज्या अटीवर केंद्र घेतं त्याच अटीवर राज्याला मिळतं. व्याज कमी झालं, पण डॉलरच्या चढउताराचं ओझं राज्याच्या खांद्यावर आलं. 2005 साली डॉलर 44 रुपयांच्या आसपास होता, 2016 साली 67 च्या, आज कुठं आहे ते आपल्याच अंकात रोज येतं. कमी व्याज म्हणून जल्लोष करणाऱ्यांनी हे दोन आकडे एकदा शेजारी ठेवून बघावेत. (कर्ज घेऊच नये असं मी म्हणत नाही. चोवीस तास पाणी मिळालेल्या एका गल्लीत माझी बहीण राहते. पहाटे साडेतीनला उठून हंडे लावायचं तिचं बंद झालं, याची किंमत कुठल्या लेखाशीर्षात, म्हणजे हिशोबातल्या कुठल्या खात्यात, धरायची मला माहीत नाही.)

नोकरीत बघितलेली एक टाकीही सांगतो. गावाचं नाव सांगत नाही. बाहेरच्या कर्जातून झालेली योजना, टाकी उंच, रंग नवा. दोन वर्षांनी मोटार जळली. रिवायंडिंगचे 14,000 रुपये कुठून घालायचे यावर तीन महिने फाइल फिरली. बांधकामाला पैसा होता, दुरुस्तीला लेखाशीर्षच नव्हतं. पाणीपट्टी लोक देईनात, कारण नळाला पाणी नव्हतं. पाणी येईना, कारण पाणीपट्टी नव्हती. शेवटी पंचायतीनं रस्त्याच्या दिव्यांच्या पैशातून मोटार भरून घेतली आणि मी ते पुनर्विनियोजन, म्हणजे एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाला वळवणं, म्हणून लिहिलं. नळाला पाणी, गल्लीत अंधार. योजना बाहेरच्यानं बांधून दिली तरी तिचं वीजबिल, वॉटरमनचा पगार, व्हॉल्व्ह आणि वॉशर कायम गावच्या जमेतून जातात, आणि मंजुरीच्या दिवशी हे कुणी मोजत नाही.

आपल्या देशाच्या मानानं मदत आता अगदी थोडी आहे. 2003 साली तर आपण छोट्या देणगीदार देशांना नम्रपणे नको म्हणून सांगितलं, आणि आज आपणच भूतान, नेपाळ, श्रीलंकेला देतो. हाल होतात ते मदतीवरच ज्यांचा अर्थसंकल्प उभा आहे त्यांचे. आफ्रिकेतल्या मलावीत सुमारे 40 टक्के अर्थसंकल्प देणगीदारांच्या जिवावर होता. 2013 मध्ये सरकारी तिजोरीतली लूट उघडी पडली आणि देणगीदारांनी थेट सरकारला दिली जाणारी मदत थांबवली. लुटलं अधिकाऱ्यांनी आणि झळ बसली दवाखान्यांना. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली तेव्हा तर कुणाची चूकही नव्हती. वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं होतं. नायजेरियाच्या संसदेनं त्यानंतर आरोग्याच्या तरतुदीत 20 कोटी डॉलर जादा घातले. ज्यांना असे घालता येत नाहीत त्यांचं आमच्या वाचनालयासारखं होतं, फक्त तिथं लाइटच्या जागी औषधं असतात.

हे सगळं आपल्याला लिहायचं कारण युगांडा. तिथं 1991 ते 1995 या काळात शाळांसाठी केंद्रानं सोडलेल्या अनुदानातला सरासरी 13 टक्केच पैसा शाळेत पोचत होता. बाकीचा वाटेतल्या कचेऱ्यांत मुरत होता. मग सरकारनं कुठल्या जिल्ह्याला किती पैसे सोडले ते दर महिन्याला वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळेच्या भिंतीवर लावायला लावलं. काही वर्षांत 80 टक्क्यांच्या वर पैसा पोचू लागला. सगळं श्रेय छापण्याला देऊ नये, इतर सुधारणाही झाल्या होत्या, असं काही अभ्यासक म्हणतात. चालेल, अर्धं द्या.

तेव्हा विनंती अशी. यापुढं 'अमुक योजनेला परदेशी संस्थेकडून तमुक कोटी मंजूर' अशी बातमी आपण छापाल तेव्हा बातमीदाराला चार गोष्टी विचारायला सांगाव्यात. त्याच कामावर सरकारनं गेल्या वर्षी स्वतःचे किती घातले होते आणि येत्या वर्षी किती धरलेत. फेड कुणी, कुठल्या चलनात करायची. बांधून झाल्यावर वीजबिल कोण भरणार. आणि मदत बंद पडली तर पुढच्या महिन्याचा पगार कुठून. पहिल्याचं उत्तर अर्थसंकल्पाच्या पुस्तकात असतं; कन्नडमध्ये असतं म्हणून आपल्याकडे सहसा कुणी उघडत नाही. गरज लागली तर मी येऊन वाचून दाखवीन. बसभाडं माझं.

आपला,
एक निवृत्त हिशोबनीस
ता. खानापूर, जि. बेळगाव

ता. क. — वाचनालयाचे वर्गणीदार आता 96 पर्यंत आलेत. आपल्या अंकाचं तीन महिन्यांचं थकलेलं बिल एजंटला परवा दिलं. पावती मिळाली आहे.